हलक्या कानाची माणसं

परवा सकाळी जास्वंदीची कुंडी सरकवली, तर खालून एक तपकिरी, चपटा, लांबोडका किडा निघाला. शेपटीला चक्क चिमटा! मागं उभी असलेली आमची सौ. ओरडली, "आधी मारा त्याला! कानात शिरतो मेला!" मी चप्पल उगारली.

पण किडा पळेना. वाकून पाहिलं, तर तो 'तो' नव्हताच, 'ती' होती. पोटाखाली पांढुरकी अंडी, आणि चिमटा माझ्यावर रोखलेला. चप्पल हातात तशीच ठेवून मी आत गेलो आणि पुस्तक काढलं.

पुस्तकात भलतंच निघालं. हा म्हणे इअरविग. दिवसा ओलसर फटीत दडतो, रात्री कुजकी पानं, मावा असलं काहीबाही खातो. कधी झेंडूच्या पाकळ्या कुरतडतो, नाही असं नाही. चिमट्यात विष नाही. नराचा चिमटा बहुधा वाकडा, मादीचा सरळ. अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून मादी ती चाटून साफ करते आणि पिलं निघेपर्यंत राखण करत बसते. आपल्या कानाशी तिला काही कर्तव्य नाही. पण इंग्रजांनी नावात कान घातला, फ्रेंचांनी 'कान टोचणारा' म्हटलं, आणि १७५८ साली लिनिअससारख्या विद्वानानं लॅटिन नावातही कानच ठेवला. एकदा नाव कानफाट्या पडलं की पडलं! आपल्याकडे हा मान गोमेचा. सौ.नं तो उदारपणे यालाही देऊन टाकला.

ती आई निघाली म्हणून मी थांबलो. गेल्या आठवड्यात असाच एक चिरडला होता, त्याची काही मी चौकशी केली नव्हती. म्हणजे जगायचं तर आधी आपली कागदपत्रं दाखवायची की काय? पुरावा कुणी द्यायचा? चप्पल ज्याच्या हातात आहे त्यानं, की जो चपलेखाली आहे त्यानं?

आणि किड्याचंच कशाला? तीन वर्षांपूर्वी शेजारून काहीतरी कानावर आलं, म्हणून आम्ही धुण्याभांड्याच्या बाईंना "उद्यापासून येऊ नका" असं सांगून टाकलं. "माझं काय चुकलं?" त्यांनी दारात उभं राहून विचारलं होतं. मी वर्तमानपत्र वाचत राहिलो. तिथं खरं काय ते बघायला कुंडीसुद्धा सरकवावी लागत नव्हती.

मी कुंडी अलगद जागेवर ठेवली.

"मारलात ना?" सौ.नं विचारलं.

"नाही. तो कानात शिरत नाही."

"कुणी सांगितलं?"

या प्रश्नावर मात्र मी गप्प बसलो. रात्री कानात कापूस घालूनच झोपलो.