मिस्ड कॉलचा हिशोब

मिस्ड कॉल देणे ही लबाडी आहे का? १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झाले, खर्च फोन करणाऱ्यावर आला. मग धुळ्याहून पुण्याला गेलेला मुलगा एक रिंग देऊन कापू लागला. घरी समजे, पोहोचला. ही चोरी आहे असे आम्हांला वाटत नाही. न उचललेल्या कॉलला कंपन्यांनीच पैसे लावले नव्हते.

'तुम्हीच करा' असे सांगणारा मिस्ड कॉल वेगळा. खिसा रिकामा असलेल्याने दिला तर ती विनंती. पगारदार मुलाने आईला दिला, तर तिच्या दहा रुपयांच्या रिचार्जवर हात मारणेच की!

आता उलटे झाले आहे. २०१८ च्या अखेरीस काही मोठ्या कंपन्यांनी इनकमिंग चालू ठेवायलाही किमान रिचार्ज लावला. जळगावची आई स्वतः कोणाला फोन करीत नाही, तरी पॅक संपून काही दिवस गेले की तिचा फोन मुका होतो. ती मागत नाही. मग तिचा आवाज ज्याला हवा, त्याने ती तारीख लक्षात ठेवायला नको का? नेट नसलेला, फक्त कॉल-एसएमएसचा पॅक ठेवण्याची सक्ती ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांवर केली आहे. दुकानात तो मागून घ्यावा. तिच्या बटनांच्या फोनला नेट कशाला?