घरांतील मंडळी
(शास्त्रपाठ : अनुवाद ६:४–९, कलस्सैकरांस पत्र ३:१८–२१)



रविवारीं उपासनेंत आपले एकदोन तास जातात. बाकीचे सहा दिवस आपण घरीं, शेतांत व बाजारांत असतों. विश्वासाची परीक्षा होते ती त्या सहा दिवसांत. नागपुरास सदरांत ऑल सेंट्स हें जुनें मंदिर आहे. गांवाकडून आलेला ख्रिस्ती मनुष्य तें पाहून सुखावतो, आणि तें योग्यच आहे. परंतु कितीही भक्कम दगडी भिंती असल्या, तरी त्या आपल्या लेकरांस प्रार्थना शिकवीत नाहींत. तें काम देवानें आईबापांवर सोंपविलें आहे.

मोशे काय सांगतो तें पाहा. देवाचीं वचनें प्रथम ऐकणाऱ्याच्या अंतःकरणांत असावीं, आणि मग घरीं बसतांना, वाटेनें चालतांना, निजतांना व उठतांना त्यानें तीं मुलांच्या मनावर बिंबवावीं. ही आज्ञा केवळ याजकांस नव्हे, सर्व लोकांस आहे. तिचा क्रमही ध्यानांत ठेवावा : अगोदर बापाचें अंतःकरण, मग मुलाचे कान.

हेंच सत्य मार्टिन लूथर यास खेड्यांत जाऊन कळलें. १५२८ सालीं तो सॅक्सनी प्रांतांतील मंडळ्यांची पाहणी करावयास गेला. तेथें पुष्कळ गांवकऱ्यांस प्रभूची प्रार्थनासुद्धां येत नव्हती, आणि कित्येक पाळकही शिकविण्यास असमर्थ होते. त्यानें लोकांस नुसता दोष दिला नाहीं. पुढल्याच वर्षीं, म्हणजे १५२९ सालीं, त्यानें लहान प्रश्नोत्तरावलि लिहिली. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे तींतले विषय. जोडीस सकाळसंध्याकाळच्या व जेवतांनाच्या प्रार्थना. घरधन्यानें आपल्या कुटुंबास हें साध्या रीतीनें शिकवावें, असें त्या पाठांच्या मथळ्यांतच त्यानें घातलें. म्हणजे घरधनी हा त्या घराचा उपदेशक ठरला. नागपूरच्या उत्तरेस छिंदवाड्याच्या बाजूस ज्या लूथरपंथी मंडळ्या आहेत, त्यांस स्वीडनहून आलेल्या मिशनरींनीं जी शिकवण दिली, तिचें मूळ ह्याच लहानशा पुस्तकांत आहे.

परंतु 'घरधनी' हा शब्द ऐकून कोणी पुरुषानें छाती फुगवूं नये. लूथरानें १५२२ सालीं विवाहाविषयीं लिहितांना एक गोष्ट सांगितली आहे. बाप आपल्या तान्ह्या मुलाचीं मळलेलीं फडकीं धुऊं लागला, तर लोक त्यास हसतील. पण तो तें विश्वासानें करीत असेल, तर देव आपल्या सर्व दूतांसह आनंदानें हसतो. बंधूंनो, आपल्या गांवीं असें किती जणांनीं केलें आहे? दिवसभर कापूस वेचून आलेली बायको चुलीपुढें बसते, लेकरूं रडत असतें, आणि नवरा पारावर बसून शास्त्राच्या गोष्टी सांगत असतो. त्यानें घरीं जाऊन लेकरूं उचलावें. तोही त्या दिवसाचा उपदेश होईल, आणि तो मुलाच्या ध्यानांतून जाणार नाहीं. पौल कलस्सैकरांस लिहितांना नवऱ्यांस कठोरपणा सोडण्यास सांगतो, आणि बापांस मुलांना चिडवूं नका असें बजावतो. दारू पिऊन हात उगारणाऱ्या बापाची प्रार्थना मुलास कशी खरी वाटावी? अशा बापानें प्रार्थनेस बसण्यापूर्वीं बायकोची व मुलांची क्षमा मागावी. त्यानें त्याचा मान जाणार नाहीं. उलट क्षमा म्हणजे काय हें मुलें त्याच दिवशीं शिकतील.

कित्येकांच्या घरांत दुसरें दुःख असतें. एकानें प्रभूचा स्वीकार केला, आणि बाकीचे जुन्या मार्गानें चालतात. त्यांनीं नारायण वामन टिळक यांच्या घराकडे पाहावें. टिळकांनीं पूर्वीं ह्याच नागपुरांत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें संस्कृत ग्रंथांचें काम केलें होतें. १८९५ च्या फेब्रुवारींत त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आभाळ कोसळलें. कित्येक वर्षें नवराबायको वेगळीं राहिलीं. पुढें एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनीं आपलें सोवळें सोडलें नाहीं. टिळक स्वभावानें तापट होते, हें त्यांच्या पत्नीनेंच 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत दाखविलें आहे. तथापि धर्माच्या बाबतींत त्यांनीं तिच्यावर जुलूम केला नाहीं. जातिभेद देवानें केलेला नाहीं, हें तिला तिच्या स्वतःच्या विचारानें पटलें, आणि १९०० सालीं तिनें स्वखुषीनें बाप्तिस्मा घेतला. १९१९ सालीं टिळक वारल्यावर त्यांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' त्याच लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें. धाक घालून मान तुकवितां येते. अशी सोबत मात्र मिळवितां येत नाहीं.

आतां शेवटची व जड गोष्ट. घरीं उपासना चालते म्हणून त्या घरीं मृत्यु येत नाहीं, असें नव्हे. लूथर व त्याची पत्नी कॅथरिना यांस सहा मुलें झालीं. एक मुलगी तान्हेपणींच गेली. दुसरी, मॅग्डालेना, १५४२ च्या सप्टेंबरांत तेराव्या वर्षीं बापाच्या हातांवर वारली. ज्यानें सर्व जर्मनीस पुनरुत्थानाचा उपदेश केला, तो बिछान्याशीं गुडघे टेकून रडला. आपण देवाचे आभार मानावयास पाहिजेत, पण माया इतकी बळकट आहे कीं हुंदक्यांवांचून तें जमत नाहीं, अशा अर्थाचें त्यानें आपल्या मित्रास लिहिलें. म्हणून ज्या आईची मांडी रिकामी झाली आहे तिला, रडूं नको, विश्वास धर, असें कोणी एकदम म्हणूं नये. लाजराच्या कबरेजवळ आपला प्रभूही रडला. उपदेशकांनो, अशा घरीं गेल्यावर प्रथम जवळ बसा, मग वचन वाचा.

तर आज रात्रीं आरंभ करा. जेवणानंतर दिवा जवळ घ्या. चार ओव्यांएवढा शास्त्रभाग पुरे. बापास वाचतां येत नसेल, तर शाळेंत जाणाऱ्या मुलीनें वाचावें, आणि त्यानें तें नम्रपणें ऐकावें. तीमथ्याचा विश्वासही प्रथम त्याच्या आजीच्या व आईच्या ठायीं होता. मग सर्वांनीं मिळून प्रभूची प्रार्थना म्हणावी. त्या वेळीं कोणास रागें भरूं नये, कोणाची कागाळी देवापुढें मांडूं नये. ज्यास बसावयाचें नसेल, त्यास ओढून आणूं नये. त्याच्यासाठीं जागा मात्र रोज मोकळी ठेवावी.

जो फिलिप्पै येथील बंदिशाळेच्या नायकाच्या घरीं मध्यरात्रीं आनंद घेऊन आला, तो प्रभु तुमच्याही घरीं येवो. आमेन.