जागा दिली, बोर्डिंग विसरलो

महाराष्ट्रातल्या बहुजनांच्या शिक्षणाचा इतिहास शाळांच्या यादीवरून लिहायला घेतला, तर अर्धाच हाती लागतो. उरलेला अर्धा बोर्डिंगांमध्ये आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढच्या वीसेक वर्षांत जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे बोर्डिंग काढले. शाळेचा दरवाजा उघडा ठेवणे आणि मुलाला तिथवर पोचवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या दोघांना उमगले होते. फी माफ झाली तरी शहरात रात्री पाठ कुठे टेकायची आणि दोन वेळा काय खायचे, याचे उत्तर नसेल तर ती माफी कागदावरच राहते. दिव्यांग तरुणांच्या बाबतीत आपण आज नेमके इथेच अडकलो आहोत.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत दिली. परीक्षेत लेखनिक मिळतो, तासामागे वीस मिनिटे जास्तीची मिळतात. तरीही उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०२१-२२ साली सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांमध्ये दिव्यांगांची नोंद एक लाखाच्याही आत राहिली. म्हणजे हजारामागे दोन. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत दिव्यांगांचे प्रमाण शंभरात दोनांहून थोडे अधिक होते. ही दरी शाळेपासूनच रुंदावत येते, हे खरे. पण बारावीपर्यंत तगून राहिलेल्या मुलाचीही वाट पुढे अडते, ती बहुधा वर्गाबाहेर. सकाळी अंघोळीला हात कोण देणार, लोकलमध्ये चढवणार कोण, दुपारचा डबा भरवणार कोण, प्राध्यापक न आल्याने तास रद्द झाला तर गोंधळून न जाता त्या वेळाचे काय करायचे, हे शिकवणार कोण? आज या सगळ्याचे उत्तर एकच असते: आई. आईचे गुडघे चालतात तोवर कॉलेज चालते.

म्हणून माझे म्हणणे असे, की शिक्षण आणि निवारा यांचा विचार पुन्हा एकत्र करायला हवा आणि त्यासाठी पनवेलजवळच्या कामोठ्यासारखी वसाहत अगदी सोयीची आहे. सिडकोने वसवलेल्या या उपनगराला हार्बर मार्गावरचे मानसरोवर स्थानक आहे. एमजीएमचे रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि फिजिओथेरपीचे शिक्षण वसाहतीतच आहे. बौद्धिक दिव्यांगत्वावर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे विभागीय केंद्र शेजारच्या खारघरला आहे. पनवेल शहरातले महात्मा फुले महाविद्यालय तर कर्मवीरांच्याच रयत शिक्षण संस्थेचे. शिवाय शिकणारी, नोकरी करणारी मुले तिघा-चौघांत फ्लॅट भाड्याने घेऊन राहतात, हे इथल्या सोसायट्यांना नवे नाही. अशाच एखाद्या तळमजल्यावरच्या किंवा लिफ्टच्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये तीन दिव्यांग विद्यार्थी राहतील. सकाळ-संध्याकाळ पगारी मदतनीस येईल आणि अशा चार-पाच घरांवर एक प्रशिक्षित समन्वयक लक्ष ठेवेल. गॅस बंद करणे, महिन्याचे पैसे पुरवणे, रेल्वेचा पास काढणे, औषधाची वेळ सांभाळणे आणि रूममेटशी भांडून पुन्हा बोलणे हा इथला अभ्यास असेल. त्याची परीक्षा रोजची.

यावर पहिला आक्षेप बौद्धिक दिव्यांग किंवा स्वमग्न तरुणांबद्दल येतो. ज्याला पदवीचा अभ्यास झेपणार नाही त्याला कॉलेजात बसवून काय साधणार, आणि त्याच्यासाठी पदवी सैल करायची का? पदवी मुळीच सैल करू नये. अमेरिकेने २००८ च्या उच्च शिक्षण कायद्यात यावर व्यवहारी तोड काढली. बौद्धिक दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयांनी वेगळे अभ्यासक्रम आखावेत, त्यात काही तास इतर विद्यार्थ्यांबरोबर बसावे, नोकरीचे आणि एकट्याने राहण्याचे शिक्षण असावे, शेवटी पदवीऐवजी प्रमाणपत्र मिळावे, आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना सरकारी अर्थसाहाय्यही मिळावे, अशी ती रचना आहे. पदवीचे मोल त्यामुळे घटले नाही. कॉलेज म्हणजे केवळ परीक्षा, हे आपणही मनापासून मानत नाही. तसे असते तर सगळ्यांनी घरी बसून बाहेरून परीक्षा दिली असती. अठरा ते बावीस या वयात माणूस समवयस्कांत मिसळून मोठा होतो, म्हणून आपण मुलांना कॉलेजात धाडतो. हे कारण दिव्यांग मुलालाही तितकेच लागू पडते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, कारण तो प्रेमापोटी येतो. आपल्याकडे कुटुंब असते, मग मुलाला परक्यांच्या हाती का द्यायचे? याच आईबापांच्या तोंडी दुसरा प्रश्नही असतो: ‘आमच्यानंतर याचे कसे होणार?’ पहिल्या प्रश्नाचा मान राखताना आपण दुसरा प्रश्न पुढे ढकलत राहतो. मग एक दिवस आई जाते, आणि चाळिशीतल्या मुलाला एकाच आठवड्यात आई, घर आणि दिनक्रम तिन्ही गमवावे लागतात. त्या वयात, त्या दुःखात नव्या जागेची सवय लावून घेणे कुणालाही जड जाईल. विसाव्या वर्षी, शनिवारी आईच्या हातचे जेवायला घरी येता येते अशा अंतरावर राहून तीच सवय लागली, तर चुकायला वाव राहतो आणि चूक निस्तरायला आईबाप हयात असतात. बाकीची भावंडे शिक्षणासाठी घर सोडतात तेव्हा त्याला कुणी टाकून देणे म्हणत नाही. सुरक्षिततेची भीती रास्त आहे, मुलींच्या बाबतीत तर अधिकच. तिला उत्तर म्हणजे मदतनिसांची पडताळणी, अचानक भेटी, आणि तक्रार करायला स्वतंत्र माणूस. चार भिंतींआड, नात्यातल्याच माणसाकडून होणारा छळ बाहेर दिसत नाही; जिथे रोज चार माणसे येतात-जातात तिथे तो लपवणे अवघड असते.

तिसरा प्रश्न जागेचा. महाराष्ट्राने प्रौढ दिव्यांगांसाठी काही केले नाही, असे नाही. मुळशी तालुक्यातल्या कोळवणच्या साधना व्हिलेजने बौद्धिक दिव्यांग प्रौढांना कुटुंबासारखे घर दिले. नसीमा हुरजूक यांच्या कोल्हापूरच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या १९८४ पासूनच्या संस्थेने वसतिगृहाच्या बळावर असंख्य मुलांना शिकते केले. शाहूंच्या गावातच बोर्डिंगचा धडा असा पुन्हा गिरवला गेला. ज्यांना अशा संस्थेतला सहवास आणि शांतता हवी, त्यांच्यासाठी त्या हव्यातच. पण २०१६ च्या कायद्याचे पाचवे कलम समाजात राहण्याचा हक्क देते आणि कुणावरही विशिष्ट ठिकाणी राहण्याची सक्ती नको म्हणते. निवडीला दोन पर्याय तरी लागतात. अमेरिकेतल्या बर्कलीत १९६२ साली एड रॉबर्ट्स या पोलिओग्रस्त विद्यार्थ्याला विद्यापीठाने प्रवेश दिला, पण राहायला मिळाला तो विद्यापीठाच्या रुग्णालयातला एक भाग. त्याच्यामागून तिथे आणखी दिव्यांग विद्यार्थी आले आणि त्यांच्या ध्यानात आले, की आपल्याला उपचार नकोत, मदतनीस हवा आणि शहरात घर हवे. १९७२ साली तिथे उभे राहिलेले स्वतंत्र जीवन केंद्र ही त्याची परिणती. त्यांच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे सगळे स्वतःच्या हाताने करणे नव्हते. कोणती मदत, कधी आणि कशी घ्यायची हे स्वतः ठरवणे होते.

राहिला पैसा. फ्लॅटचे भाडे आणि मदतनिसाचा पगार मिळून खर्च थोडा नाही, आणि संजय गांधी निराधार योजनेच्या मासिक अनुदानात तो भागणारही नाही. पण वाटा अगदीच नाहीत असे नाही. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य सरकार २०१६-१७ पासून स्वाधार योजनेतून भोजन-निवासाची रक्कम थेट खात्यात देते. इमारत बांधत बसण्याऐवजी विद्यार्थ्याच्या हाती भाडे द्यावे, हे तत्त्व सरकारने स्वीकारलेलेच आहे. ते दिव्यांगांना लागू करून त्यात मदतनिसाचा खर्च जोडायचा आहे. महापालिकांनी आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेला या रकमेतून कामोठ्यात दोन-तीन घरे वर्षभर चालवून पाहता येतील. जमाखर्च मांडताना दुसरी बाजूही धरावी: मुलापायी नोकरी सोडलेल्या आईची बुडालेली कमाई आज कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

साताऱ्याच्या बोर्डिंगात मुले पाळीपाळीने स्वयंपाक करत, पाणी भरत. ते पैसे वाचवण्यासाठी होते तसेच शिक्षण म्हणूनही होते. स्वतःची भाकरी थापता येणारा मुलगा पुढे कुणापुढे वाकत नाही, हा त्यामागचा हिशेब. कामोठ्यातल्या त्या फ्लॅटमध्ये भाकरी कदाचित मदतनीस थापेल. आज ज्वारीची की बाजरीची, हे मात्र तिथे राहणाऱ्याने सांगायचे.