स्वॉर्फ आणि बोरिंग

"अहो, त्याला स्वॉर्फ म्हणतात. बोरिंग म्हणजे भोक पाडणं, नाहीतर कंटाळवाणं!" बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये लेथखालच्या चुऱ्याच्या ढिगाकडे बोट दाखवत आमच्या स्नेह्यांनी ऐकवलं. इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक ते. ऑपरेटर नुसता हसला आणि 'बोरिंग'चं घमेलं उचलून बाहेर गेला.

इंग्रजी शब्द आपल्या तोंडी रुळताना अर्थ बदलतात, हे काही नवं नाही. मला पडलेला प्रश्न निराळा : नाव वस्तूच्या रूपावरून पडतं, की ती ज्या कामातून निघाली त्यावरून? उद्यमबागेत बिडाचा चुरा तो बोरिंग, पोलादाची वेटोळी ती टर्निंग. बिडात ग्राफाइटचे पापुद्रे असतात, त्यामुळे ते कापताना तुटत जातं. मूठभर उचललं तर जाडसर रव्यासारखं लागतं आणि बोटं काळी होतात. पोलादाचं वेटोळं उघड्या हातानं ओढलं तर बोट चिरलंच म्हणून समजा. भंगारवाल्याकडे दोहोंचा भाव वेगळा, मिसळलेल्या मालाला तो नाक मुरडणार. मराठी कामगार असो वा कन्नड, इथे शब्दावरून वाद नाही. स्वॉर्फमध्ये मात्र बीड-पोलाद सगळं एकाच घमेल्यात! तेव्हा हा शब्द आपल्याला हवाच कशाला, असं मी म्हणणार होतो.

पण त्याचं मूळ पाहिलं आणि वादाची दिशाच फिरली. जुन्या नॉर्स भाषेत 'स्वेर्फा' म्हणजे कानशीनं घासणं आणि 'स्वार्फ' म्हणजे त्यातून पडलेला कीस. आपल्याकडे किसणं आणि कीस, तसंच. म्हणजे तेही नाव कामावरूनच पडलेलं. शेफिल्डमध्ये सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्या ओल्या दगडी चाकांखाली साचणारा चिखल हाही स्वॉर्फच. तो फेकत नसत. लोखंडाच्या कांबी कोळशाच्या भुकटीत पुरून, कित्येक दिवस तापवून पोलाद करत, त्या पेट्यांची तोंडं या चिखलानं लिंपत. टाकाऊला असा मान आमच्या प्राध्यापकांनी खचितच दिला नसता.

चाकाखालचा चिखल सोडून स्वॉर्फ कुठल्याही मशीनखाली जाऊन बसला, ते इंग्रजांना चाललं. मग मिलिंगवरून पडलेल्या बिडाच्या चुऱ्यालाही आमचा माणूस बोरिंग म्हणतो, तर ते अशुद्ध कसं? मशीनच्या पुस्तकात स्वॉर्फ सुखानं राहू दे. भंगाराच्या पावतीवर मात्र बोरिंगच लिहा, नाहीतर व्यापारी विचारील, "कशाचा?"