न भोगलेल्या काळाची ओढ

जे आपल्यापाशी कधी नव्हतेच, त्याच्या वियोगाचे दुःख मनुष्यास होऊ शकते काय? आणि झालेच, तर ते दुःख प्रामाणिक मानावयाचे, की मनाने स्वतःशीच चालविलेली ती एक बतावणी समजावयाची? हा प्रश्न वरवर पाहता तर्कशास्त्राच्या वर्गातला वाटेल. परंतु आजची तरुण पिढी जे संगीत ऐकते आणि ते ऐकून जे बोलते, त्याकडे लक्ष दिल्यास हा प्रश्न आपल्या घरातलाच आहे असे दिसून येईल.

दुआ लीपा ह्या ब्रिटिश गायिकेचा ‘फ्यूचर नॉस्टॅल्जिया’ नावाचा अल्बम २७ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाला. आपल्याकडे टाळेबंदी सुरू होऊन तेव्हा अवघे दोन दिवस लोटले होते. गायिकेचा जन्म १९९५ चा. अल्बमचा नाद मात्र बहुतांशी १९८० च्या दशकातला आणि काही अंशी त्याआधीच्या डिस्कोचा. सिंथेसायझरचे लांबत जाणारे चकचकीत स्वर आणि यंत्राने मोजून टाकलेले ठोके, हे त्या दशकाचे ओळखीचे अलंकार त्यात जागोजागी आढळतात. ‘फिजिकल’ हे त्यातील गाणे नावानेच ऑलिव्हिया न्यूटन-जॉन हिच्या १९८१ मधील गाण्याची आठवण करून देते; आणखी एका गाण्यात ‘आयएनएक्सएस’ ह्या ऑस्ट्रेलियन वाद्यवृंदाच्या १९८७ मधील सुरावटीचा अंश उघडपणे घेतलेला आहे. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलात ह्या गायिकेचा कार्यक्रम झाला. त्यात तिने ह्याच अल्बममधील ‘लेव्हिटेटिंग’ हे आपले गाणे आणि ‘बादशाह’ ह्या १९९९ मधील हिंदी चित्रपटातील अनु मलिक यांनी संगीत दिलेले व अभिजीत यांनी गायिलेले एक गाणे अशी जोडणी ऐकविली. ही जोडणी मूळची तिची नव्हे, श्रोत्यांतूनच निघून लोकप्रिय झालेली. साहजिकच त्यांनी ती डोक्यावर घेतली.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यातही ह्या संगीताचे चाहते पुष्कळ आहेत. महाविद्यालयात शिकविणाऱ्या मनुष्याच्या कानी त्यांचे बोलणे सहज पडते. ‘हे ऐकले की जुने दिवस आठवतात,’ असे विशी-बाविशीचा मुलगा अगदी गंभीरपणे म्हणतो. कोणते जुने दिवस? ज्या दिवसांचा हा नाद, त्या दिवसांत त्याचे आईवडीलच शाळेत जात होते! त्याचा मित्र त्याला तेथल्या तेथे हटकतो, ‘ही नुसती नक्कल आहे, मूळ ऐक.’ आणि हे दोघे जेव्हा आपला वाद घरी नेतात, तेव्हा वडील मंडळी दोघांनाही हसतात. ‘तुम्ही तो काळ पाहिला आहे कोठे? आठवण आमची आणि उसासे तुमचे!’

वडिलांच्या ह्या हसण्यात तीन निरनिराळे आक्षेप गुंतलेले आहेत. एक, न भोगलेल्या काळाची हुरहूर खोटी असते. दुसरा, ती उसनी, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची असते. तिसरा आणि सर्वांत गंभीर, ती वर्तमानापासून काढलेली पळवाट असते. ह्यांचा विचार एकेक करून केला पाहिजे.

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्दच मुळी वैद्यकातला. योहानेस होफर ह्या स्विस वैद्याने १६८८ मध्ये तो ग्रीक धातूंवरून घडविला, तो परमुलखात राहणाऱ्या आपल्या देशबांधवांच्या घरच्या ओढीला रोग म्हणून नाव देण्याकरिता. म्हणजे प्रारंभी ही व्याधी स्थळाची होती, काळाची नव्हती; आणि तिच्यावर उपायही सोपा होता, रोग्यास घरी धाडणे. पुढे हा शब्द गतकाळास लावला जाऊ लागला आणि उपाय नाहीसा झाला, कारण काळाच्या गावी परतीची वाट नाही. पण त्याबरोबरच एक अट गळून पडली. घराची ओढ लागण्यास घर पाहिलेले असावे लागते. काळाची ओढ लागण्यास तो काळ पाहिलेला असावाच लागतो असे नाही. आपल्याच समाजाचे उदाहरण घ्या. बालगंधर्व १९६७ साली निवर्तले. त्यांना रंगभूमीवर पाहिलेले लोक आज फारच थोडे उरले असतील. तरीही २०११ मध्ये त्यांच्यावरील चित्रपट निघाला तेव्हा प्रेक्षकांचे डोळे पाणावले. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ चे आणि त्यावरील चित्रपट २०१५ चा. तो पाहून ‘काय काळ होता तो!’ म्हणणाऱ्या चाळिशीच्या गृहस्थांचा जन्म मूळ नाटकानंतरचाच होता. पेशवाई पाहिलेली नसताना पेशवाईसाठी हळहळणाऱ्या पिढ्या तर ह्या पुणे प्रांतात कित्येक होऊन गेल्या. त्यांची हळहळ आपण खोटी मानीत नाही. मग चिंचवडच्या मुलाची तेवढी खोटी कशी?

दुसरा आक्षेप उसनवारीचा. त्यास उत्तर असे की, काळ ही कोणाची खाजगी मिळकत नव्हे. जे त्या दशकात जन्मले एवढ्यावरून ते त्याचे मालक होत नाहीत. प्रस्तुत लेखकाचे शालेय शिक्षण त्याच दशकात झाले. पण त्यामुळे त्या काळाच्या संगीतावर त्याचा आजच्या विद्यार्थ्याहून अधिक हक्क पोहोचतो असे त्यास वाटत नाही. कलावंताने कोणाकडून काय घेतले ते सांगावे आणि ज्याचे श्रेय त्याला द्यावे, एवढी एक अट मात्र रास्त आहे.

तिसरा आक्षेप खरा विचार करण्यासारखा आहे. आणि तो सोडविण्यास ह्या नादाचा मूळचा अर्थ काय होता हे पाहणे अवश्य आहे. १९८२ मध्ये मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी त्या वेळी नव्यानेच निघालेली तीन जपानी यंत्रे घेऊन, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजविले व त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. तिच्याकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा परदेशचे श्रोते चकित झाले. कारण शिकागो शहरात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जो नृत्यसंगीताचा नवा प्रकार जन्मला असे ते समजत होते, त्याच्यासारखे काहीतरी मुंबईत आधीच वाजून गेले होते. सिंग २०१५ मध्ये वारले. उतारवयात का होईना, त्यांच्या वाट्याला हे कौतुक आले. ह्या हकिगतीतील मुद्दा असा की, आज ज्या नादाला आपण ‘जुना’ म्हणून कवटाळतो, तो निर्माण झाला तेव्हा भविष्याचा नाद होता. उलटपक्षी, आज ज्यात चाहत्यांना ऊब आणि माणुसकी जाणवते, त्याच नादाला त्या काळी पुष्कळांनी निर्जीव म्हणून झिडकारले. १९८२ मध्येच ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझरवर बंदी असावी असा ठराव केला होता, कारण एका यंत्रामुळे अनेक वादकांची भाकरी जाण्याची भीती होती.

एवंच, तरुणांस जी ओढ लागली आहे ती भूतकाळाची नव्हेच. त्या भूतकाळापाशी जो भविष्यकाळ होता, त्याची ती ओढ आहे. पुढे काहीतरी चांगले येणार आहे, असा जो एक सूर त्या गाण्यांत भरून राहिला आहे, तो त्यांना हवाहवासा वाटतो. अल्बमच्या नावातच ‘भविष्य’ आणि ‘गतकाळाची हुरहूर’ हे दोन शब्द शेजारी बसले आहेत, ते अजाणता का होईना, पण यथार्थ आहे.

हे पिंपरी-चिंचवडला कसे लागू पडते ते पाहा. येथील महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले. कारखान्यात ‘कायम’ झालेला कामगार प्राधिकरणात घराचे स्वप्न पाहू शकत होता, आणि चेतक स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्यात त्याला अपमान वाटत नव्हता. कारण वाट पाहणे म्हणजे भविष्यावर विश्वास ठेवणे होय. आज चाकणच्या कारखान्यांतून जगभर मोटारी जातात; पण त्या जोडणाऱ्या हातांपैकी कितीतरी कंत्राटी किंवा शिकाऊ असतात. पुढच्या वर्षी आपण ह्याच फाटकातून आत जाऊ की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने कशासाठी नाव नोंदवावयाचे? कचेरीत संगणकापुढे बसणाऱ्याचा पगार अधिक असेल, परंतु निश्चिंतता अधिक आहे असे नाही.

मग तो काळ सुवर्णयुग होता काय? मुळीच नव्हे. ज्यांच्या जमिनी कारखान्यांसाठी व वसाहतींसाठी गेल्या, त्या शेतकऱ्यांस ते दिवस वेगळे आठवतात. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या घरातील कामगारांचे जीवन त्यात उद्ध्वस्त झाले. १९८९ मध्ये पिंपरीच्या टेल्को कामगारांचे उपोषण पुण्यात शनिवारवाड्यापाशी झाले आणि पोलिसांनी ते मोडून काढले. स्कूटरची ती लांबलचक प्रतीक्षायादी म्हणजे सद्गुण नव्हता, टंचाई होती. ह्यांपैकी काहीही त्या सिंथेसायझरच्या स्वरांत ऐकू येत नाही.

येथेच ह्या प्रश्नाचा उलगडा होतो असे मला वाटते. न्यायालयात एकच साक्षीदार एका गोष्टीविषयी अविश्वसनीय आणि दुसरीविषयी पूर्ण विश्वसनीय असू शकतो. न भोगलेल्या काळाची ओढ ही अशीच एक साक्षीदार आहे. भूतकाळ कसा होता ह्याविषयी तिची साक्ष घेऊ नये. तिने तो पाहिलेलाच नाही. परंतु वर्तमानात काय उणे आहे ह्याविषयी तिच्यासारखी दुसरी साक्ष नाही. कारण ते उणे तिने रोज भोगले आहे. तेव्हा ‘ते दिवस चांगले होते’ हे तिचे विधान असत्य असेल, तरी ‘हे दिवस मला पुरे पडत नाहीत’ हा त्याचा गाभा सत्य आहे. वडील मंडळी पहिल्या विधानाला हसतात आणि दुसरे ऐकावयाचे राहून जाते.

कोणी म्हणेल, गाणे हे रंजनासाठी असते, त्याच्यावर एवढा भार कशाला? केवळ रंजनास समर्थनाची गरज नाही, हे मान्य. ज्याला नाद आवडला त्याने तो मनमुराद ऐकावा. परंतु आवडीपुढे जाऊन ‘तो काळ आजच्याहून बरा होता’ असे म्हटले, की ते मत होते. आणि मत म्हटले की सत्यासत्याचे बंधन आलेच.

पळवाटेचा धोका मात्र खरा आहे, आणि तो बाजारातून येतो. ज्या चेतकचे उत्पादन मागेच बंद झाले होते, तिचेच नाव घेऊन २०१९ मध्ये विजेवर चालणारी नवी गाडी पुढे आली, आणि २०२२ पासून तिचा कारखाना आकुर्डीच्याच जागेत उभा आहे. गाडीत वाईट काही नाही. बाह्यरूपात जुन्याची आठवण, अंतरंगात सर्व नवे, धूरही नाही. पण ह्या व्यवहारातील एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. जुन्या चेतकबरोबर कामगाराच्या घरात जी निश्चिंतता येत असे, ती ह्या किमतीत मिळत नाही; मिळते ती तिची आठवण. गाण्यांचेही तसेच. ज्या उणिवेने ओढ निर्माण केली, ती उणीव तशीच ठेवून ओढीचे मात्र समाधान करून देणे, हे बाजाराला फार चांगले साधते. तहान लागली असता पाण्याचे चित्र दाखविण्यासारखा हा प्रकार आहे. चित्र सुंदर असू शकते. दोष चित्रकाराचा नव्हे. पण तहानेल्याने त्यावर संतुष्ट होणे हिताचे नाही.

म्हणून ह्या ओढीचे नैतिक मूल्य ती खरी की खोटी ह्यावर अवलंबून नसून, ती मनुष्याला पुढे कोठे नेते ह्यावर अवलंबून आहे. तिने जर चाकणच्या तरुणास आपल्या वडिलांपाशी नेऊन ‘तुम्ही कायम कसे झालात? त्यासाठी कोणी काय सोसले? ज्यांना ते मिळाले नाही त्यांचे काय झाले?’ असे विचारावयास लावले, तर ती ओढ ज्ञानाची वाट झाली. आणि त्या उत्तरांतून ‘मग आज ते का मिळू नये?’ हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला, तर ती नागरिकत्वाची वाट झाली. वडील मंडळींवरही ह्यात एक जबाबदारी येतेच. आपल्या तारुण्याच्या दशकाचे गोडवे गाताना त्याचा जमाखर्च पुरा सांगावा. संपाचे दिवस, गेलेली जमीन आणि आलेला पगार, सर्व काही. मुलांना हसणे सोपे आहे. परंतु त्यांना जे हवेसे वाटते त्यातील चांगले आपल्या हातून पुढे का पोहोचले नाही, ह्याचे उत्तर देण्याची पाळी मुलांची नव्हे, आपली आहे.