कपाटाची किल्ली

विद्या दिल्यानें वाढते, हें आपण लहानपणापासून इतक्या वेळां ऐकत आलों आहों कीं, त्याविषयीं शंका घेणें जवळजवळ अधर्म वाटावा. परंतु जें ज्ञान मुळांत आपलें नव्हे, दुसऱ्यानें विश्वासानें आपल्यापाशीं ठेवलें आहे, तें वाटून टाकण्याचा अधिकार आपणांस कोठून येतो, हा प्रश्न त्या वचनांत उद्भवतच नाहीं. माझ्यापुढें तो गेल्या वर्षीं एका पत्रानें उभा केला.

ज्या विद्यापीठानें १९८६ सालीं मला डॉक्टरेट दिली, त्याच्या ग्रंथालयाचें तें पत्र होतें. जुने प्रबंध डिजिटल स्वरूपांत आणून सर्वांस खुले करण्याचें काम तेथें चाललें आहे. आपलीहि संमति असावी, अशी विनंति होती. मला आनंद झाला, हें लपवीत नाहीं. जात्यावरच्या ओव्या आणि त्या गाणाऱ्या बायकांच्या हकीकती गोळा करण्यांत माझीं तीन वर्षें गेलीं होतीं. आणि पुढें तो ग्रंथ काळ्या कापडी बांधणींत कपाटांत जाऊन बसला. मागें एकदां त्याच्या नोंदीचें पान पाहिलें, तेव्हां इतक्या वर्षांत तिघांच्या सह्या होत्या. त्यांतली एक माझीच.

खुलेपणाच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें मी मनापासून मानतें. विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ च्या नियमांत प्रबंधाची डिजिटल प्रत देणें आवश्यक केलें. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानें चालविलेल्या ‘शोधगंगा’ या भांडारांत आज देशभरच्या विद्यापीठांचे लाखों प्रबंध कोणालाहि विनामूल्य वाचतां येतात. तालुक्याच्या महाविद्यालयांतील मुलगी रात्रीं घरीं बसून जें वाचूं शकते, त्यासाठीं मला एस. टी. नें चार जिल्हे हिंडावें लागलें. लोकांच्या पैशानें झालेलें संशोधन लोकांपासूनच कुलुपांत ठेवावें, याला समर्थन नाहीं. चोरी होईल म्हणून भिणाऱ्यांनीं इतकें ध्यानांत घ्यावें कीं, वाङ्मयचौर्य अंधाऱ्या कपाटांतच अधिक सुखानें नांदत होतें.

तरी सही करण्यापूर्वीं मीं परिशिष्ट उघडलें, आणि हात थांबला. तेथें बायकांचीं नांवें होतीं, गांवें होतीं, सासरमाहेरच्या गोष्टी होत्या. त्या काळीं माझ्यासारख्या नवख्या संशोधकाला नांव देणें हाच प्रामाणिकपणा वाटे. एकीनें आपल्या जावेच्या मृत्यूविषयीं सांगितलें होतें; गांव जें समजत होतें, त्याहून तें निराळें होतें. (इतकें येथें लिहिण्यास मीं तिची अनुमति घेतली आहे.)

कोणी म्हणेल, प्रबंध तेव्हांहि गुप्त नव्हता; मागणाऱ्यास तो मिळतच होता. मग आजच ही हळहळ कां? आक्षेप तर्काला धरून आहे. परंतु यंत्र आतां टंकलिखित अक्षरेंहि ओळखतें. नांव आणि गांव लिहितांच तें पान पुढ्यांत येतें. असा प्रबंध आहे, हें शोधणाऱ्याला ठाऊक असण्याचीहि गरज उरत नाहीं. ठिकठिकाणच्या दप्तरांत विखुरलेली माहिती आणि तीच एकत्र करून हातीं ठेवलेली माहिती या खाजगीपणाच्या दृष्टीनें एक नव्हेत, हा भेद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालींच मानला होता. माझ्या बायकांची राखण धूळ करीत होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

याहून कठोर कसोटी अमेरिकेंतील बॉस्टन कॉलेजच्या वाट्याला आली. उत्तर आयर्लंडच्या सशस्त्र संघर्षांत भाग घेतलेल्या माणसांच्या मुलाखती २००१ ते २००६ या काळांत त्या संस्थेच्या प्रकल्पांत ध्वनिमुद्रित झाल्या आणि तिच्या बर्न्स ग्रंथालयांत ठेवल्या गेल्या. आपल्या हयातींत त्या कोणी ऐकणार नाहीं, अशी बोलणाऱ्यांची समजूत होती. २०११ सालीं ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या विनंतीवरून अमेरिकेंत त्यांची न्यायालयीन मागणी झाली, आणि २०१३ सालीं कांहीं मुलाखती द्याव्या लागल्या. पाळतां न येणारें वचन ग्रंथालयाच्या नांवावर दिलें गेलें होतें.

ही हकीकत प्रथम वाचली, तेव्हां माझा सारा राग मागणाऱ्यांवर होता. मग मागणी कशासाठीं होती, तें वाचलें. जीन मॅकॉनव्हिल ही दहा मुलांची विधवा आई १९७२ च्या डिसेंबरांत बेलफास्टमधील घरांतून पळविली गेली. तिचा देह २००३ सालीं समुद्रकांठीं सांपडला. ज्या मुलांनीं तीस वर्षें वाट पाहिली, त्यांना ‘आम्ही वचन दिलें आहे’ असें कोणत्या तोंडानें सांगावें? आणि वचन मोडलें, तर पुढें कोणी बोलणार नाहीं, आणि मग कोणाच्याच मुलांना कांहीं कळणार नाहीं. या दोहोंमध्यें मी बरेच दिवस अडकून पडलें. पुढें एका खटल्यांत २०१९ सालीं न्यायालयानें या मुलाखती पुरावा म्हणून स्वीकारल्याच नाहींत. म्हणजे वचनहि गेलें आणि न्यायहि हातीं आला नाहीं.

ग्रंथालयांत हें काम पाहणाऱ्या तरुणानें माझें सारें शांतपणें ऐकून घेतलें. मुख्य ग्रंथ खुला ठेवून परिशिष्ट ठराविक मुदतीपर्यंत बंद ठेवतां येईल, असें तो म्हणाला. मुदत आपण लिहावी. सोय चांगली आहे. पण मुदत लिहिणारी मी कोण? टेप माझी, टंकलेखन माझें, पदवी माझी. बोलणें मात्र त्यांचें.

म्हणून मी त्या गांवीं गेलें. त्या बायकांपैकीं दोघीच हयात होत्या. जावेची हकीकत सांगणारी आतां ऐंशीच्या घरांत आहे. अंगणांत शेंगा फोडीत बसली होती. मीं समजेल तसें समजावून सांगितलें.

“म्हंजे बाई, आता त्ये कोन वाचनार?”

“कोणीहि, मावशी. फोनवरसुद्धां.”

“जावंची पोरगी बी?”

“तीहि.”

ती कितीतरी वेळ सुपाकडे पाहात राहिली. “तिला आजपातूर कुनी सांगितलंच न्हाई,” ती म्हणाली. “मंग आदी म्याच सांगते. तवर थांबवा.”

संमतिपत्र मीं धाडलें आहे. ग्रंथ खुला, परिशिष्ट बंद, मुदतीचा रकाना कोरा. ग्रंथालयाकडून दोनदां विचारणा आली. रकाना भरल्यावांचून यंत्र अर्ज पुढें घेत नाहीं म्हणे.