ओसरी आणि तावेर्न

विलायती निबंधकारांची उन्हाळी भटकंती बहुधा खेड्यातल्या मद्यालयात संपते. आपल्याकडचा वाटसरू देवळाच्या सभामंडपात टेकतो, नाहीतर कुणाच्या तरी ओसरीवर, अशी आमची समजूत होती. एका वैशाखात आम्ही चौघे जोयड्याहून अणशी घाट उतरून सदाशिवगडाला आलो, तेथून माजाळीला गेलो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चालू लागलो, तेव्हा ही समजूत थोडी हलली.

माजाळीची पुळण संपली की टेकडी चढावी लागते. पलीकडे तिळमाती. वाळू खरोखरच काळ्या तिळांसारखी, आणि दुपारी इतकी तापलेली, की वहाणा हातात घेण्याची हौस चार पावलांतच फिटते. पुढची टेकडी ओलांडली की पोळे, म्हणजे गोवा. आमच्याबरोबर जोयड्याकडचे एक कुणबी गृहस्थ होते. वयाने आमच्याहून वडील, पण चालण्यात सगळ्यांत पुढे. सावलीसाठी आम्ही थांबत होतो, ते आमच्यासाठी.

पोळ्याला पोहोचताच दिसतात ती दारूची दुकाने. कारण उघड आहे : कर्नाटकात मद्यावरचा कर जबर, गोव्यात कमी. सीमेची ही करामत जुनीच. उत्तर कानडा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, तेथे 1949 च्या कायद्याने दारूबंदी आली, आणि गोव्यात 1961 पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते. पाप-पुण्याची व्याख्या टेकडीच्या दोन उतारांवर दोन प्रकारची होती, असे म्हणायला हरकत नाही.

रस्त्यापासून थोडी आत एक लहानशी तावेर्न होती. दोन बाके, एक मेज. काजूच्या बोंडांचा निरो आंबवून पहिल्या धारेची जी हुर्राक काढतात, ती याच दिवसांत मिळते. पाऊस लागला की संपली. आमच्यापैकी दोघांनी ती लिंबू-मीठ घालून घेतली, दोघांनी नुसता सोडा. आमचे कुणबी सोबती आमच्याच बाकावर, आमच्या खांद्याला खांदा लावून बसले होते. मालकिणीने सर्वांपुढे एकसारखे पेले ठेवले. त्यात तिला काही विशेष वाटले नाही. विशेष वाटले ते आम्हांला, आणि वाटल्याची लाजही वाटली.

आपल्या जुन्या घरांच्या आतिथ्याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. अनोळख्या माणसाला गूळपाणी मिळे, भर दुपारी आलेला उपाशी जात नसे. पण गुळाच्या खड्याआधी प्रश्न येई : कुठले, कुणाचे, आडनाव काय? उत्तरावर बसण्याची जागा ठरे. पावसाळ्यात कंदांची पाटी घेऊन येणारा कुणबी पायरीवर बसे, आणि त्याचा चहाचा कप वळचणीला वेगळा खोचलेला असे. तोच कुणबी, आमच्या आजोबांना पावसाने रानात अडवले की, त्यांच्यासाठी चटई अंथरी, आणि ते आपल्या हातचे जेवणार नाहीत हे ठाऊक असल्याने कोरा शिधा आणि घासलेले भांडे पुढे ठेवी. दोन्हीकडे आतिथ्यच होते. अपमान मात्र दोन्ही वेळा एकाच बाजूने गिळला. यातल्या पुष्कळ ओसऱ्या सुपे धरणाच्या पाण्याखाली गेल्या, पायऱ्यांसकट. त्यांची आठवण काढताना आम्ही पायऱ्या वगळून काढतो.

तावेर्नीत पैसे मोजावे लागतात, म्हणून तिथे आतिथ्य नाही, असे कोणी म्हणेल. पण पैसा काही विचारत नाही, हा त्याचा दोषही आहे आणि मोठा गुणही. प्रेमाने दिलेल्या पण जोखून दिलेल्या पाण्यापेक्षा न जोखता विकलेला पेला नीतीने वरचा म्हणावा काय? आम्ही वाटेत यावर बरेच भांडलो. एका मित्राचे म्हणणे, की बाजारातली समता पाकिटापुरतीच असते. पाकीट रिकामे असणाऱ्याला ओसरीच तारते. हे आम्हांला खोडता आले नाही. दारूने उठलेली घरेही आम्ही पाहिली आहेत, तेव्हा तावेर्नीचे देऊळ करण्याची आमची इच्छा नाही. तरीही, पैसे देऊन मिळणारी जागा आपल्या घरात फुकट का मिळाली नाही, या प्रश्नाला ‘तेव्हाची रीत’ एवढे उत्तर पुरत नाही. रीत चालवणारी माणसे आपलीच होती, आणि त्यांच्या प्रेमळपणाबद्दल आम्हांला आजही शंका नाही. अडचण तिथेच आहे.

आमच्या सोबत्यांना आम्ही विचारले नाही. त्यांना विचारायला हवे होते. पण चार जणांत त्या कपाची आठवण काढणे म्हणजे त्यांना पुन्हा पायरीवर बसवण्यासारखे वाटले. कदाचित ही आमचीच सोय असेल.

उठताना मालकिणीने जास्तीच्या लिंबाचे पैसे घेतले नाहीत. ‘खंयचे तुमी?’ तिने विचारले. आमच्यातला एक जण आडनावासकट सांगू लागला होता, तेवढ्यात कुणबी गृहस्थच म्हणाले, ‘जोयड्याचे.’ तिने मान हलवली आणि पेले विसळायला घेतले. माजाळीहून शेवटची बस गाठायची होती, म्हणून आम्ही या वेळी टेकडी टाळून हमरस्त्यानेच निघालो. ते पुन्हा पुढे.